पुसलेल्या टेपा आणि एक कॅसेट

वारिस हुसेन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्या आईचं, अतिया हुसेन यांचं नाव निदान इंग्रजी वाचणाऱ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. १९६१ साली निघालेली ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही त्यांची कादंबरी म्हणजे लखनौच्या एका मुस्लिम तालुकदार घराण्याची आणि फाळणीनं त्या घराची कशी शकलं झाली त्याची गोष्ट. स्वतः अतिया हुसेन फाळणीच्या सुमाराला इंग्लंडात गेल्या आणि तिथंच राहिल्या. बीबीसीच्या पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठी असलेल्या विभागात त्यांचा आवाज ऐकू येई. त्यांचा मुलगा वारिस १९३८ साली लखनौलाच जन्मला, पुढं केंब्रिजला शिकला आणि बीबीसीच्या नाट्यविभागात दाखल झाला. १९६३ साली, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याच्या हातात एक मालिका देण्यात आली. शनिवारी संध्याकाळी घरातल्या लहानमोठ्यांनी एकत्र बसून बघायची. तिचं नाव ‘डॉक्टर हू’.

पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागंपुढं प्रवास करणारा एक चक्रम म्हातारा, अशी कल्पना. मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, सत्तावीस वर्षांची ज्यू बाई. तिच्या वरचे अधिकारी सिडनी न्यूमन, कॅनडाहून आलेले. आणि दिग्दर्शक हा लखनौचा मुलगा. खानदानी इंग्रज साहेबांच्या त्या कचेरीत तिघंही उपरेच. पहिला भाग तयार झाला तो न्यूमनसाहेबांना पसंत पडला नाही, त्यांनी तो पुन्हा करायला लावला. अखेर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी तो दाखवला गेला. आदल्या दिवशीच अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता, लोकांचं लक्ष तिकडं. म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला. इतक्या अडखळत सुरू झालेली ही मालिका पुढं सहा दशकं ओलांडून गेली.

त्याच मालिकेत २२ फेब्रुवारी ते ४ एप्रिल १९६४ असे सात शनिवार ‘मार्को पोलो’ ही कथा चालली. काळ १२८९ सालचा. पामीरच्या बर्फातून, गोबीच्या वाळवंटातून कुबलाईखानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. लंडनच्या लाइम ग्रोव्ह नावाच्या अडचणीच्या, उकाड्याच्या स्टुडिओत हा सगळा आशिया उभा केला गेला. सातांपैकी सहा भाग वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केले, चौथा तेवढा जॉन क्रॉकेट यांनी. सेटवर काढलेले रंगीत फोटो आजही आहेत. ते पाहिले की कपडेपट आणि नेपथ्य करणाऱ्यांनी किती जीव ओतला होता हे कळतं. पण कथा बघता येत नाही. सातही भाग पुसले गेले.

मला हे कळलं ते माझ्या भाच्यामुळं. आपल्या कोकणातली पुष्कळ मुस्लिम कुटुंबं विलायतेत स्थायिक झालेली आहेत. माझी बहीण बर्मिंगहॅमला असते. तिचा मुलगा ह्या मालिकेचा वेडा आहे. चिपळूणला सुट्टीत आला की आमच्या अंगणात बसून मला हरवलेल्या भागांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवायचा, आपल्याकडची मुलं क्रिकेटचे आकडे म्हणतात तशी. वारिस हुसेन हे नाव त्यानंच पहिल्यांदा सांगितलं. “मामू, पहिला डायरेक्टर आपला होता,” असं. ह्या ‘आपला’मध्ये नक्की कोणकोण येतं ते मी त्याला विचारलं नाही.

आता पुसले म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंद पट्टीच्या व्हिडिओ टेपवर मुद्रित होत. टेप भारी महाग, पण ती पुसून पुन्हा वापरता येई. कार्यक्रम एकदा, फार तर दोनदा दाखवायचा. नट आणि वादक यांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळं पुन्हापुन्हा दाखवायला परवानगी नव्हती. घरोघरी व्हिडिओ येईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर तर काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांना गिऱ्हाईकच उरलं नाही. मग टेपा पुसल्या. परदेशांना विकण्यासाठी मात्र ह्या कार्यक्रमांच्या फिल्मी करत. पडद्यासमोर सोळा मिलिमीटरचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रीकरण करायचं, अशी साधी युक्ती. टेपा पुसणाऱ्या खात्याला वाटे, फिल्म विक्री खात्याकडं आहेच. विक्री खात्याला वाटे, मूळ प्रत दुसरीकडं आहेच, आपण जुनी फिल्म जाळली तर काय बिघडलं. आणि ग्रंथालयासारखं जे खातं होतं ते मुख्यतः फिल्मवर चित्रित केलेल्या गोष्टीच सांभाळायचं. म्हाताऱ्या बापाला भाऊ बघतोय असं दोन्ही भावांनी समजावं, तसं झालं. १९७८ पर्यंत हे चालू होतं. तेव्हा कुठं बीबीसीत जुन्या कार्यक्रमांची निवड करून ते जपण्याची व्यवस्था आली, आणि बाहेरच्या एका चाहत्यानं दाराशी जाऊन आरडाओरडा केला म्हणून जाळायला काढलेल्या काही फिल्मी वाचल्या.

ह्यात कुणी खलनायक नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या मूळ संदेशांच्या टेपासुद्धा अमेरिकेच्या ‘नासा’नं पुसून पुन्हा वापरल्या, असं २००९ साली त्यांच्याच चौकशीतून बाहेर आलं. चंद्राची ही कथा, तिथं कुबलाईखानाला कोण विचारतो!

पहिल्या सहा वर्षांत ‘डॉक्टर हू’चे २५३ भाग झाले. २०१३ च्या अखेरीस मोजणी झाली तेव्हा त्यातले ९७ बेपत्ता होते. मधल्या काळात जे सापडले ते कुठंकुठं सापडले त्याची हकिकत मूळ मालिकेहून सुरस आहे. १९८३ साली लंडनमध्ये मॉर्मन पंथाच्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. ते तिथं कसे पोचले हे कुणाला धड सांगता आलं नाही. १९९२ च्या सुमारास हाँगकाँगहून चार भागांची एक अख्खी कथा परत आली. २०११ साली दोन भाग एका संग्राहकाकडं निघाले. आणि २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रातून एकदम नऊ भाग मिळाले. फिलिप मॉरिस नावाचा एक माणूस आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या दूरचित्रवाणी केंद्रांची गोदामं वर्षानुवर्षं धुंडाळत होता, त्याला ते गवसले.

नायजेरियाच का? कारण फिल्मची एक प्रत एका देशात दाखवून झाली की तिथल्यांनी ती पुढच्या देशाला धाडायची, अशी रीत होती. पोस्टातल्या पाकिटासारखी प्रत हिंडत राही. शेवटी ज्याच्याकडं ती उरेल त्यानं ती लंडनला परत करायची किंवा नष्ट करून तसा दाखला द्यायचा. आता दाखला देणारा कारकून प्रत्येक वेळी खरंच फिल्म जाळतो का? चार डबे कोपऱ्यात राहतात, वर धूळ बसते. त्या आळसावर आज जगभरचे शोधणारे दुवा मागत फिरतात.

त्यांची शोधण्याची रीत मला ओळखीची वाटली. कुठली प्रत लंडनहून कधी निघाली, कुणाला पोचली, त्यानं ती कुणाकडं दिली, दिल्याचा कागद आहे का, दोन तारखा जुळतात का. आपल्याकडं हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकंच इस्नादकडं पाहतात. कुणी कुणाकडून ऐकलं, तो रावी खरंच त्याला भेटला होता का, दोघांचा काळ जुळतो का, त्याची स्मरणशक्ती कशी होती. साखळीतला एक दुवा निखळला तर रिवायत कमजोर. मी पवित्र गोष्टीची तुलना करमणुकीच्या मालिकेशी करत नाही, पद्धतीची पद्धतीशी करतो आहे. हरवलेल्या वस्तूकडं जायचा रस्ता माणसांच्या नावांतून जातो, एवढंच.

ऑस्ट्रेलियातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथल्या सेन्सॉरनं मुलांना भीती वाटेल म्हणून ह्या मालिकेतले काही तुकडे कापले होते. कापलेले तुकडे सरकारी शिस्तीप्रमाणं फाइलला लावून ठेवले. १९९६ साली ते सरकारी दफ्तरात सापडले. भाग नष्ट झाले, पण सेन्सॉरनं दाखवू नका म्हटलेलं तेवढं शिल्लक! लिहिणाऱ्या माणसाला ह्यात जरा दिलासा वाटावा.

चित्र गेलं, पण आवाज राहिला. हरवलेल्या भागांपैकी प्रत्येकाचा आवाज आज उपलब्ध आहे, आणि तो बीबीसीनं जपलेला नाही. १९६० च्या दशकात घरोघरची काही शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसत. कुणी टीव्हीच्या मागून तार जोडून घेत, कुणी नुसता मायक्रोफोन धरत. घरच्यांना गप्प बसायची ताकीद. पुन्हा बघायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून निदान पुन्हा ऐकता यावं एवढीच त्यांची हौस.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला अब्बांचा टू-इन-वन आठवला. कुवेतहून मोठ्या मामूंनी आणलेला. अब्बा त्यावर बातम्या ऐकत आणि जे आवडेल ते टेप करत. ९० मिनिटांच्या कॅसेटी, प्रत्येकीवर निळ्या शाईनं तारीख. नव्वदच्या दशकात आमच्याकडं केबल आली, आणि गावच्या केबलवाल्यानं गावचंच एक चॅनल चालवायला घेतलं. उरूस, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या घरचं लग्न, सगळं त्यावर. १९९६ साली शाळेच्या मैदानावर ईद मिलनाचा मुशायरा झाला, तोही त्यानं व्हिडिओवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवला. अब्बांना दम्याचा त्रास, रात्रीच्या गारव्यात ते मैदानावर गेले नव्हते. म्हणून घरी टीव्हीसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवून त्यांनी तो मुशायरा कॅसेटवर घेतला.

त्या मुशायऱ्यात आमच्या मास्तरांनी दोन कविता वाचल्या. मराठीत. तेव्हा ही सोपी गोष्ट नव्हती. मंचावर सगळे उर्दूत वाचणारे, समोरचे ऐकणारे घरात कोकणी बोलणारे, बाजारात आणि कचेरीत मराठी बोलणारे, पण शायरी म्हटली की ती उर्दूतच हवी असं मानणारे. मास्तर उर्दू उत्तम जाणत. तरीही उठून म्हणाले की, मी ज्या भाषेत पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवतो त्याच भाषेत वाचतो. आधी थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या कवितेपर्यंत मैदान शांत झालं होतं. सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं होतं, त्याची बातमी मास्तरांनी कापून वहीत ठेवलेली मी पाहिली होती. त्यांची एकही कविता कधी छापून आली नाही. ‘पाठवतो, पाठवतो’ म्हणत राहिले. २००१ साली गेले. वही त्यांच्या घरी लोखंडी ट्रंकेत होती. २६ जुलै २००५ च्या पुरात ती ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. चिपळूणकरांना ती तारीख सांगावी लागत नाही, आणि पुढं २२ जुलै २०२१ ची तर त्याहूनही नाही. ट्रंकेतून जे निघालं ते कागद नव्हते, लगदा होता.

मास्तरांच्या मुलीनं, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो, २०१९ साली मला विचारलं की तुमच्या अब्बांच्या कॅसेटींत बाबांचा आवाज असेल का. असणार हे मला माहीत होतं. अब्बांच्या कॅसेटी पोटमाळ्यावर पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पिशव्यांच्या वर, म्हणून पुरातूनही सुटलेल्या. तारखेवरून कॅसेट लगेच मिळाली. पण कोकणातल्या दमट हवेत टेपेवर पांढरी बुरशी चढते. तशीच मशीनमध्ये घातली तर टेपही जाते आणि मशीनही. रत्नागिरीच्या एका मुलाला हे काम येतं असं कळलं, त्याच्याकडं दिली. त्यानं आठवडाभर उन्हात न ठेवता, पंख्याखाली सुकवून, हातानं फिरवून साफ केली आणि संगणकावर चढवून दिली.

आपांच्या घरी आम्ही ती ऐकली. आधी टीव्हीची घूंऽऽ. मग निवेदकाचा आवाज, मग मास्तर. मध्येच माझ्या अम्मीचा आवाज: “आवाज कमी करा, बांग होतेय.” अब्बांचं “हं” असं हलकं उत्तर, आणि मास्तरांचा आवाज खाली जातो; बांग संपेपर्यंत दोन-तीन ओळी पुसटच लागतात, कान देऊन ऐकाव्या लागतात. आपा हसल्या. मग डोळ्याला पदर लावला. पहिली कविता पूर्ण आहे. दुसरी चालू असते, शेवटच्या कडव्याला मास्तर नेहमीप्रमाणं क्षणभर थांबतात, आणि तिथं खट् असा आवाज येतो. पंचेचाळीस मिनिटं संपली, बाजू संपली. अब्बांनी कॅसेट काढून, उलटवून, पुन्हा लावेपर्यंत कडवं होऊन गेलेलं. दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनी.

ते कडवं कुणालाच आठवत नाही. मी त्या मैदानावर होतो. मला मास्तरांचा हात आठवतो, कुडत्याची दुमडलेली बाही आठवते, शब्द आठवत नाहीत. गावात चार म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनी चार वेगळ्या ओळी सांगितल्या. त्यातली एक तर दुसऱ्याच कवीची होती.

मग केबलवाल्याकडं गेलो. त्याचं दुकान आता मोबाइल रिचार्जचं आहे. त्यानं सरळ सांगितलं, “कोरी कॅसेट महाग होती. मुशायरा दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा कोण बघणार? पुढच्या महिन्यात लग्न होतं, त्यात वापरली.” बीबीसीच्या विद्वान अधिकाऱ्यांचं म्हणणं ह्याहून वेगळं नव्हतं. लग्न कुणाचं तेही त्याला आठवत होतं. त्या जोडप्याच्या घरी जाऊन आम्ही ती कॅसेट पाहिली, आता त्यांची मुलगी कॉलेजात आहे. निकाह, जेवणं, रुखसत, नवरीची गाडी वळणावरून दिसेनाशी होते. मग पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्या संपतात आणि वीसेक सेकंद शाळेचं मैदान दिसतं. मुशायरा संपलेला आहे. दोन पोरं सतरंजी गुंडाळतायत. मंचाच्या कोपऱ्यात पाठमोरा एक माणूस पायात चपला शोधतोय. आपा म्हणाल्या, ते बाबाच. मला तसं खात्रीनं सांगता येणार नाही, पण मी काही बोललो नाही.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, विलायतेत हरवलेल्या भागांचं असंच करतात. जपलेल्या आवाजावर कार्टूनसारखी हलती चित्रं काढून भाग पुन्हा तयार करतात, २००६ पासून तसे बरेच निघाले. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मास्तरांच्या आवाजाचा नमुना आहे, दीड कविता आहे, शेवटचं कडवं त्यांच्याच धाटणीत, त्यांच्याच आवाजात करून मिळेल. मुलगा चांगल्या मनानं बोलत होता. मी आपांना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “बाबा जे बोलले नाहीत ते बाबांच्या तोंडी घालायचं नाही.” मनगढंत रिवायतींबद्दल आपल्या बुजुर्गांनी जे कडक धोरण ठेवलं ते आपांनी कुठल्या किताबात वाचलेलं नव्हतं.

मला आपांचंच पटतं. ‘डॉक्टर हू’मध्ये १९६५ साली ‘क्रुसेड’ नावाची चार भागांची कथा झाली. तिच्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड आहे आणि सुलतान सलाहुद्दीन आहे. सलाहुद्दीनची भूमिका बर्नार्ड के ह्या इंग्रज नटानं केली, चेहऱ्याला रंग फासून. ते आज डोळ्यांना खुपतं. पण लिहिणाऱ्यानं सुलतानाला शांत, सावध, समोरच्याचं ऐकून घेणारा असा रंगवला आहे, त्या काळच्या मानानं हे पुष्कळ. रिचर्डनं आपली बहीण जोअन्ना सलाहुद्दीनच्या भावाला, अल-आदिलला देऊ केली होती, ही खरी घटना सलाहुद्दीनच्या दरबारातल्या बहाउद्दीन इब्न शद्दादनं लिहून ठेवलेली आहे. ती ह्या कथेत येते. चारांपैकी तिसरा भाग आधीपासून होता. पहिला १९९९ साली न्यूझीलंडमध्ये जुन्या फिल्म जमवणाऱ्या एका हौशी माणसाकडं निघाला, तिथं फेकून द्यायला काढलेल्या फिल्मींतून कुणीतरी वाचवलेला. दुसरा आणि चौथा मिळाले नाहीत. मग त्या वर्षी ही कथा व्हिडिओ कॅसेटवर काढताना काय केलं, तर १९६५ साली ज्यानं त्यात काम केलं होतं तो विल्यम रसेल हा नट, आता म्हातारा झालेला, त्याच भूमिकेत येऊन बसला आणि मधल्या भागांत काय झालं ते त्यानं सांगितलं. भोक भोकच राहिलं, पण त्याच्या दोन्ही कडा माणसानं हातात धरल्या. हे मला चित्रं रंगवण्यापेक्षा आवडलं.

आणि ‘मार्को पोलो’चं असं झालं. त्या काळी जॉन क्युरा नावाचा एक माणूस घरी टीव्हीसमोर कॅमेरा लावून कार्यक्रम चालू असताना पडद्याचे फोटो काढायचा. एका भागाचे साठ-सत्तर छोटे छोटे फोटो. नटांना, दिग्दर्शकांना तो ते विकायचा, कारण आपण केलेलं काम पुन्हा बघायचं दुसरं साधनच नव्हतं. ‘मार्को पोलो’चे असे फोटो कुणाकडंच नाहीत असं वर्षानुवर्षं धरून चालले होते. बीबीसीच्या कागदपत्रांत नव्हते. ते शेवटी निघाले वारिस हुसेन यांच्या स्वतःच्या संग्रहात. सहा भागांचे होते. चौथ्याचे नव्हते, कारण चौथा त्यांचा नव्हताच. तरुण दिग्दर्शकानं पदरचे पैसे घालून आपल्या कामाचे तुकडे विकत घेतले होते आणि चाळीसेक वर्षं सांभाळले होते. पुढं त्यांनी कितीतरी मोठी कामं केली. १९६५ साली बीबीसीसाठी ‘अ पॅसेज टू इंडिया’ केलं, ते सुदैवानं शिल्लक आहे. १९७८ च्या ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’ला तर मोठे पुरस्कार मिळाले. तरी ते चिमुकले फोटो त्यांनी टाकले नाहीत. चाहत्यांच्या जपलेल्या आवाजाला हे फोटो जोडून सात भागांचा सारांश अर्ध्या तासात बसवला आणि २००६ साली डीव्हीडीवर दिला. भाच्यानं ती डीव्हीडी मला पाठवली. फोटो स्थिर, आवाज चालू. एका दृश्यात चिनी मुलगी हुलागू आणि हश्शाशीनांची गोष्ट सांगते. चेहरा हलत नाही, गोष्ट पुढं जाते.

मास्तरांच्या कडव्याचा शोध अजून थांबलेला नाही. केबलवाल्यानं मागाहून एक गोष्ट सांगितली. मूळ कॅसेट पुसण्याआधी त्यानं तिच्या तीन प्रती करून विकल्या होत्या, आखातात असलेल्या आपल्या माणसांसाठी. तेव्हा घरोघरी तशी रीत होती. गावचं लग्न, गावचा उरूस कॅसेटीत भरून कुवेत-बहारीनला जायचा, आणि एका खोलीत आठजण बसून बघायचे. एक प्रत २००५ च्या पुरात गेली. दुसरी बहारीनला गेली, तो माणूस वारला, खोलीतलं सामान कुणी नेलं ते कळत नाही. तिसरी कुवेतमध्ये फहाहीलला राहणाऱ्या एकाकडं पोचली. त्यानं गावी परतताना ती मंडणगडकडच्या आपल्या सोबत्याला दिली. तो सोबती अजून तिथंच आहे, त्याचा फोन नंबर मिळाला. तो म्हणाला, माळ्यावर खोक्यात दहा-बारा कॅसेटी आहेत, पण त्यावर मुशायरा असं कुठं लिहिलेलं नाही, सगळ्या लग्नाच्याच वाटतात. आणि लावायच्या कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनंसुद्धा २०१६ साली ते बनवणं बंद केलं.

व्हीसीआर आमच्याकडं आहे, रत्नागिरीच्या त्या मुलाकडं, चालू स्थितीत. सोबती बकरीदला गावी येणार आहे. त्याला मी सांगितलंय की निवडत बसू नकोस, लेबलवर काहीही लिहिलेलं असो, सगळ्या घेऊन ये, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि सामानात खाली टाकू नकोस, हातात आण. तो म्हणाला, वजनाचं बघावं लागेल. आपांनी फोन माझ्या हातून घेतला आणि त्याला म्हणाल्या, “जास्तीच्या वजनाचे पैसे मी देते.”